ठाण्याला पाठवणे

ठाण्याला पाठवणे हा मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि लगतच्या उत्तर कोकणातील मराठी बोलीत रूढ असलेला वाक्प्रचार आहे. एखादी व्यक्ती वेड्यासारखी वागते किंवा बोलते आहे, अथवा तिच्या वागण्यामुळे इतरांना वेड लागायची पाळी आली आहे, असे सुचवण्यासाठी तो वापरतात. ‘ठाण्याला भरती करणे’, ‘ठाण्याला न्यावे लागणे’, ‘ठाण्याला जायची वेळ येणे’ ही त्याची रूपे आहेत. ठाणे शहरात १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयावरून हा प्रयोग आला. शहराचे नाव आणि मानसिक आजार यांची सांगड त्याने इतकी घट्ट घातली, की रुग्णालयाचा उल्लेख न करताही ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. मानसिक आजाराची थट्टा करणारा म्हणून अलीकडे त्यावर आक्षेप घेतला जातो.

अर्थ आणि वापर

शब्दशक्तींच्या भाषेत सांगायचे, तर या प्रयोगाचा वाच्यार्थ एका गावाला कोणाला तरी धाडणे एवढाच आहे. गावाच्या नावावरून तेथील संस्थेचा बोध होतो, ही लक्षणा. त्या संस्थेत जाण्याजोगी समोरच्याची अवस्था आहे असा टोमणा निघतो, ही व्यंजना. शालेय पुस्तकांत लक्षणेची उदाहरणे म्हणून ‘घरावरून हत्ती गेला’ किंवा ‘आम्ही आजकाल ज्वारी खातो’ अशी वाक्ये देतात. ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्याला मात्र लक्षणेचे अधिक जवळचे उदाहरण घरच्या बोलण्यात मिळते.

या वाक्प्रचाराचा रोख दोन दिशांना असतो. पहिली दिशा दुसऱ्याकडे: ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला जागा बघू का तुझ्यासाठी?’ असे बरोबरीच्या मित्राला किंवा धाकट्या भावंडाला म्हणतात. वडीलधाऱ्यांना उद्देशून असे बोलणे उद्धटपणाचे ठरते. त्यामुळे ‘तुम्हाला’ या सर्वनामासोबत हा प्रयोग क्वचितच येतो. दुसरी दिशा स्वतःकडे आहे. ‘तुम्ही दोघं असेच भांडत राहिलात, तर मलाच ठाण्याला जावं लागेल,’ असे आई मुलांना म्हणते तेव्हा त्यात टोमण्यापेक्षा त्रागा अधिक असतो. परीक्षेचा ताण, कार्यालयातील काम, लोकलची गर्दी यांबद्दल बोलतानाही हे स्वतःकडे वळवलेले रूप ऐकू येते.

ज्या घरातील माणूस खरोखर त्या रुग्णालयात उपचार घेत आहे, त्या घरात मात्र हा वाक्प्रचार विनोद म्हणून वापरला जात नाही. तेथे ‘ठाणे’ हा शब्दच दबक्या आवाजात येतो, किंवा ‘बाहेरगावी आहे’ असे मोघम उत्तर दिले जाते. एकच शब्द एका घरात थट्टेचा आणि दुसऱ्या घरात लपवण्याचा ठरतो. या वाक्प्रचाराविषयीच्या सगळ्या वादाचे मूळ येथे आहे.

ठाणे हेच गाव का

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील मानसिक रुग्णांसाठीचे सरकारी इस्पितळ बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात होते. १९०१ साली ठाण्यात नवे इस्पितळ सुरू झाले. त्याला नरोत्तमदास माधवदास या दानशूर गृहस्थांचे नाव देण्यात आले होते. आज ही संस्था प्रादेशिक मनोरुग्णालय, ठाणे या नावाने महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक असून उरलेली तीन पुण्यात येरवडा येथे, नागपूरला आणि रत्नागिरीला आहेत. चारही मिळून मंजूर खाटा ५,६९५ आहेत. त्यांपैकी येरवड्यात २,५४०, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५ आहेत.

गावाचे नाव संस्थेला चिकटायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक म्हणजे अंतर. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, सुमारे ३४ किलोमीटर धावली. तेव्हापासून ठाणे हे मुंबईकराला सहज गाठता येणारे, तरीही मुंबईबाहेरचे ठिकाण होते. माणसाला नजरेआड करायचे, पण फार दूर नाही, यासाठी ते सोयीचे ठरले. दुसरी गोष्ट म्हणजे गावाचा आकार. १९०१ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या जेमतेम १६ हजार होती. एवढ्या लहान गावात उभारलेली मोठी संस्था बाहेरच्या माणसाच्या लेखी गावाची ओळखच बनून गेली. कुलाब्याचे इस्पितळ मुंबईतच असल्याने आणि कुलाब्याला छावणी, गोदी, दीपगृह अशा इतर ओळखी असल्याने त्या नावाचे तसे झाले नाही.

ठाण्यात आणखी एक बदनाम होऊ शकेल अशी संस्था होती, ती म्हणजे तुरुंग. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आजही मध्यवर्ती कारागृह आहे. नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी देण्यात आली. तरीही ‘ठाण्याला पाठवणे’ म्हटल्यावर तुरुंग आठवत नाही. तुरुंगाचा उल्लेख करायचा तर ‘ठाण्याच्या तुरुंगात’ असे पूर्ण सांगावे लागते.

या वाक्प्रचाराचे क्रियापदही अभ्यासण्याजोगे आहे. आजारी माणूस दवाखान्यात ‘जातो’. ठाण्याला मात्र तो ‘पाठवला’ जातो. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टनुसार अशा इस्पितळात दाखल होण्याचा मुख्य मार्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाचा होता. रस्त्यावर फिरणाऱ्या, धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीला पोलीस दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत आणि तेथून तिची रवानगी होई. नातेवाईक अर्ज करीत तेव्हाही निर्णय त्या व्यक्तीचा नसे. कायदा १९८७ साली बदलला आणि २०१७ साली पुन्हा बदलला, पण बोलीतील क्रियापदात १९१२ ची व्यवस्था टिकून राहिली आहे.

‘ठाण्याला’ आणि ‘ठाण्यात’

ठाणे हे नाव संस्कृत ‘स्थान’ या शब्दापासून आले आहे. शिलाहारांच्या लेखांत या नगराचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो. त्याच मुळापासून मराठीत ‘ठाणे’ हे सामान्यनामही आहे. त्याचा जुना अर्थ लष्करी चौकी, आणि आजचा अर्थ पोलीस ठाणे. ‘ठाण मांडणे’ हा वाक्प्रचार याच कुळातील आहे, शहराशी मात्र त्याचा संबंध नाही.

शहर आणि चौकी यांची सामान्यरूपे सारखीच होत असल्याने बोलीत प्रत्ययावरून भेद केला जातो. ‘त्याला ठाण्यात नेलं’ म्हटले, की ऐकणारा पोलीस ठाणे समजतो. ‘त्याला ठाण्याला नेलं’ म्हटले, की मनोरुग्णालय. सप्तमीच्या ‘त’ आणि चतुर्थीच्या ‘ला’ या प्रत्ययांमधला एवढा मोठा अर्थभेद मराठीत विरळाच. अर्थात ठाणे शहरात राहणारे लोक ‘आम्ही ठाण्यात राहतो’ असे म्हणताना हा भेद मनातही आणत नाहीत. हा भेद बाहेरून ठाण्याकडे पाहणाऱ्यांनी घडवलेला आहे.

महाराष्ट्रातील समांतर प्रयोग

पुणे आणि परिसरात हेच काम ‘येरवड्याला पाठवणे’ करते. तेथे संदिग्धता अधिक आहे, कारण मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह या दोन्ही संस्था येरवड्यातच आहेत आणि कारागृह देशभर प्रसिद्ध आहे. १९३२ चा पुणे करार झाला तेव्हा महात्मा गांधी तेथेच कैदेत होते. त्यामुळे ‘एक दिवस येरवड्याला जाशील’ या वाक्याचा अर्थ समोरचा माणूस लबाड आहे की तऱ्हेवाईक, यावर ठरतो. दक्षिण कोकणात ‘रत्नागिरीला न्यायला हवे’ असे म्हणतात. तेथील मनोरुग्णालय १८८६ पासूनचे, म्हणजे ठाण्याहून जुने आहे. मात्र रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कज्जेखटले, शिक्षण, बाजार अशा अनेक कामांसाठी लोक तेथे जातात, आणि टोमणा हवा असेल तर सुराचा आधार घ्यावा लागतो. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, या चौघांत सर्वांत जुने. पण तेथे शहराच्या नावाला तो अर्थ चिकटला नाही. तो एका चौकाला चिकटला: रुग्णालयाजवळचा ‘पागलखाना चौक’ रिक्षावाल्यांपासून शासकीय अधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्याच नावाने ओळखतात.

वेडाला गावाचे नाव जोडण्याची रीत मराठीत मनोरुग्णालयांपेक्षा जुनी आहे. ‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ (किंवा ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’) म्हणजे सगळे समजत असून न समजल्याचे सोंग करणे. भीमा नदीकाठचे पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात आहे. तेथील बहादूरगडावर मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. शिवाजी महाराजांच्या सैन्याने खानाला हुलकावणी देऊन ही छावणी लुटली, त्यावरून म्हण पडली, अशी कथा सांगतात. ‘वेड’ आणि ‘पेड’ यांच्या यमकाचाही म्हण टिकवण्यात वाटा आहे, हे मान्य करावे लागते. ठाण्याच्या वाक्प्रचारापेक्षा हिचा स्वभाव वेगळा आहे. पेडगावला जाणारा स्वतःच्या पायांनी जातो, आणि तो वेडा तर मुळीच नसतो.

स्थळनामांवर उभे राहिलेले इतर मराठी वाक्प्रचार बहुधा इतिहासातील प्रसंगांवरून आले आहेत. ‘पानिपत होणे’ म्हणजे दारुण पराभव, १७६१ च्या लढाईवरून. ‘अटकेपार झेंडा लावणे’ म्हणजे मोठा पराक्रम, १७५८ च्या उत्तरेतील मोहिमेवरून. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे चकवणे, लाल महालावरील १६६३ च्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांची दिशाभूल केल्याच्या कथेवरून. हे प्रसंग घडून गेले; त्यांतील कोणाला आता बोलण्याने इजा होत नाही. ‘ठाण्याला पाठवणे’ या वाक्प्रचारामागची संस्था मात्र चालू आहे आणि तिच्या खाटांवर आजही माणसे आहेत.

अन्य भाषांत

मनोरुग्णालयाच्या गावावरून टोमणा घडवणे हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही. हिंदी पट्ट्यात आगरा आणि रांची ही नावे याच अर्थाने घेतात. आगऱ्याचे इस्पितळ १८५९ चे. रांचीजवळ काँके येथील पहिली संस्था १९१८ ची, आणि तीही सुरुवातीला केवळ युरोपीय रुग्णांसाठी होती. ताजमहालामुळे आगऱ्याला दुसरी ओळख मिळाली, तरी बोलीतील अर्थ पुसला गेला नाही. चेन्नईतील किळपाक्कम, हैदराबादेतील एर्रागड्डा, केरळात तिरुवनंतपुरमचे ऊळंपारा आणि कोळिकोडचे कुतिरवट्टम ही सगळी मुळात उपनगरांची नावे आहेत. दाक्षिणात्य चित्रपटांतील विनोदी संवादांनी त्यांचा हा अर्थ दूरवर पोचवला.

इंग्रजीत लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचा अपभ्रंश ‘बेडलम’ हा गोंधळ-गदारोळ या अर्थाचा सामान्य शब्द झाला. १२४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची आठवण तो शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना नसते. वाक्प्रचार पुरता झिजून गुळगुळीत झाला, की असे होते. आयर्लंडमधील स्थिती ठाण्याशी अधिक जुळते. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकसंख्येच्या मानाने मनोरुग्णालयांत ठेवलेल्या माणसांचे प्रमाण त्या देशात जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते, आणि जवळपास प्रत्येक परगण्याला आपले इस्पितळ व आपला टोमणा होता. डब्लिनकरांच्या बोलण्यात ‘ग्रेंजगोर्मन’ हे नाव आपल्या ‘ठाण्या’सारखेच वापरले जाई, पश्चिमेकडे बॅलिनस्लो या गावाच्या वाट्याला तेच आले. ग्रेंजगोर्मनच्या जागेवर आता विद्यापीठाचे संकुल उभे राहिले आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांना आजोबा का हसतात, ते समजावून सांगावे लागते.

उर्दूत सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेने ही गंमत उलटी करून दाखवली. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची अदलाबदल झाली, त्या घटनेवर ती बेतलेली आहे. त्या कथेत ‘पाठवणारे’ शहाणे आहेत की नाहीत, हाच प्रश्न उरतो.

आक्षेप

या वाक्प्रचारावरील मुख्य आक्षेप असा, की तो उपचाराच्या ठिकाणालाच शिवी बनवतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हते. यामागे डॉक्टरांची कमतरता, खर्च, अंतर अशी अनेक कारणे आहेत. त्यांत लोकलज्जेचे वजन कमी नाही. ठाण्याच्या बाह्यरुग्ण विभागात झोपेच्या तक्रारीसाठी किंवा नैराश्यासाठी जाऊन त्याच दिवशी घरी परतता येते. पण केसपेपरवर ‘ठाणे मनोरुग्णालय’ छापलेले आहे, एवढ्या कारणाने तो लपवणारी कुटुंबे असतात. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे विशिष्ट परिस्थितीत घटस्फोटाचे कारण मानलेले असल्यामुळे विवाहेच्छू मुलामुलींच्या घरी ही धास्ती अधिक असते.

दुसरा आक्षेप परतीच्या वाटेविषयीचा आहे. ‘पाठवणे’ या क्रियापदाला या वाक्प्रचारात ‘आणणे’ हा जोडीदार नाही. ‘ठाण्याहून आणणे’ असा प्रयोग रूढ झाला नाही. वस्तुस्थितीही बराच काळ तशीच राहिली. बरे झालेल्या, घरी जाण्यायोग्य ठरलेल्या अनेक रुग्णांना नातेवाईक परत नेत नाहीत, आणि त्यांचे आयुष्य रुग्णालयातच सरते. राज्यातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या अशा रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, या कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे कलम १९ सांगते.

भाषेपुरते पाहिले, तर शासकीय मराठीने ‘वेड्यांचे इस्पितळ’ सोडून ‘मनोरुग्णालय’ हा शब्द केव्हाच स्वीकारला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून, अशा व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी जाणूनबुजून अपमान करणे कलम ९२ नुसार शिक्षापात्र आहे. चित्रपटांतून दिव्यांगांची थट्टा करणाऱ्या शब्दांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. मित्रांच्या गप्पांतील ‘ठाण्याला पाठवा’ या कायद्यांच्या कक्षेत येत नाही, आणि येऊही नये असे बहुतेक भाषाप्रेमी म्हणतील. मात्र तेच वाक्य एखाद्या रुग्णाला त्याच्या तोंडावर ऐकवणे ही निराळी गोष्ट आहे.

ठाणे शहराने या विषयात दुसरी ओळखही कमावली आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली येथे स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था समुपदेशन, स्वमदत गट आणि ‘वेध’ या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमामुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. मनाच्या तक्रारीसाठी आपणहून ठाण्याला जाणारे लोक या काळात वाढले, हे त्या वाक्प्रचाराच्या क्रियापदाला मिळालेले पहिले मोठे आव्हान म्हणता येईल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या स्किझोफ्रेनियावरील आणि ‘कासव’ (२०१६) या नैराश्यावरील चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाला या विषयाची थट्टेविना बोलण्याची भाषा दिली.

सद्यस्थिती

ठाण्याची लोकसंख्या २००१ साली साडेबारा लाखांच्या घरात होती. २०११ साली ती १८ लाखांवर गेली. ही वाढ मोठ्या प्रमाणात शहराच्या उत्तरेला, घोडबंदर रोडच्या दुतर्फा झाली. माजिवड्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख असा येऊरच्या डोंगराच्या कडेने जाणारा हा रस्ता, अरबी घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडले असे मानल्या जाणाऱ्या घोडबंदर गावापर्यंत पोचतो. आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावठाणांभोवती येथे उंच गृहसंकुले उभी राहिली, आणि मुंबईत घर न परवडणारी हजारो कुटुंबे तेथे राहायला गेली. त्यांच्यापुरता ‘ठाण्याला जाणे’ या शब्दांचा अर्थ कर्ज काढून घर घेणे आणि रोज वाहतूककोंडीतून परतणे असा झाला आहे. मनोरुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलुंडच्या बाजूला असल्याने घोडबंदर पट्ट्यात वाढलेल्या अनेक मुलांनी ते पाहिलेलेही नसते. आजीआजोबांच्या तोंडचा टोमणा त्यांना कोड्यासारखा वाटतो. दादर-गिरगावकडचे नातेवाईक मात्र ‘शेवटी ठाण्याला गेलातच!’ हा विनोद गृहप्रवेशाच्या दिवशी हमखास करतात.

दरम्यान ठाणे आणि मुलुंड या स्थानकांच्या मध्ये नवे उपनगरी रेल्वे स्थानक उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. त्यासाठी निवडलेली जागा मनोरुग्णालयाच्या आवारातील आहे. ठाणे स्थानकावरील गर्दी कमी करणे आणि घोडबंदर रोड, वागळे इस्टेट या भागांतील प्रवाशांची सोय करणे हा त्याचा उद्देश आहे.